आठ महिन्यांनंतरही न जुळलेले खुब्याचे हाड

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७४ वर्षांच्या आहेत. आठ महिन्यांपूर्वी मोरीत पाय घसरून त्या पडल्या आणि डाव्या मांडीच्या हाडाची मान मोडली. हाड जागचे हललेले होते. तिसऱ्या दिवशी ते सरळ करून तीन स्क्रू बसवण्यात आले. आज त्या वॉकर धरून जेमतेम संडासापर्यंत जातात, पाय टेकला की जांघेत कळ येते आणि डावा पाय आखूड वाटतो. मधुमेह आहे, मिश्री लावण्याची जुनी सवय आहे. एका डॉक्टरांनी हाड जुळलेले नाही, बॉल, म्हणजे मांडीच्या हाडाचे गोल डोके, बदलावा लागेल असे सांगितले. दुसऱ्यांनी हाड वाढवणारी रोजची इंजेक्शने घेऊन आणखी तीन महिने थांबायला सांगितले. कोणाचे ऐकावे, असे मुलाने विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. दिलेल्या वर्णनावरून पहिल्या डॉक्टरांचा सल्ला बहुधा बरोबर आहे. मात्र शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी सांध्यात जंतुसंसर्ग नाही याची खात्री झालीच पाहिजे, आणि ती करून घेतल्याचा उल्लेख प्रश्नात कुठेही नाही. तीन महिने थांबण्याचा पर्याय निरुपद्रवी वाटतो, पण या वयात तो सर्वांत महाग पडतो. हाडाची वाट पाहत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचे स्नायू, फुप्फुसे, पाठीची कातडी आणि मनाची उभारी मात्र वाट पाहत नाहीत.

खुब्याचे फ्रॅक्चर हा एकच आजार आहे असे लोक समजतात, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. मांडीच्या हाडाचे गोल डोके ओटीपोटाच्या हाडातील वाटीत फिरते. डोक्याखाली मान असते, आणि मान संपते तिथे दोन उंचवटे असतात, ज्यांपैकी बाहेरचा मोठा उंचवटा आपण कुशीवर झोपल्यावर गादीला टेकतो. मान सांध्याच्या पिशवीच्या आत आहे, उंचवट्यांचा भाग पिशवीच्या बाहेर आहे, आणि हा एवढाच फरक पुढचे जवळजवळ सगळे ठरवतो. लंडनचे शल्यविशारद सर अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२२ मध्ये, एक्स-रेचा शोध लागण्याच्या सत्तरहून अधिक वर्षे आधी, केवळ रुग्ण पाहून आणि मृतदेहांचे विच्छेदन करून लिहून ठेवले की पिशवीच्या आतले फ्रॅक्चर सहसा जुळत नाही आणि बाहेरचे जुळते. आजच्या इम्प्लांटनी त्यात पुष्कळ सुधारणा केली आहे, पण शरीराची रचना तीच आहे.

मान न जुळण्याची कारणे समजून घ्या, म्हणजे औषधाने काय होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही हे आपोआप उलगडेल. डोक्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या मांडीच्या आतल्या बाजूने वळसा घालून येणाऱ्या धमनीपासून निघतात आणि मानेला अगदी चिकटून वर चढतात. मान मोडून जागची हलली की त्या ताणल्या जातात किंवा तुटतात, आणि डोके उपाशी पडते. दुसरे असे की हातापायाचे हाड मोडल्यावर हाडावरील आवरणातून नवे हाड तयार होऊन मोडीभोवती गाठ धरते. मानेवरच्या आवरणात हे नवे हाड घडवणारा थर जवळजवळ नसतोच. म्हणून तिला आतल्या आत, हाडाला हाड घट्ट चिकटूनच जुळावे लागते. त्यात सांध्यातील द्रव मोडीच्या फटीत शिरून जुळणीला लागणारे साकळलेले रक्त धुऊन नेतो. चौथे कारण बलाचे आहे. मोडीची रेघ आडवी असेल तर चालताना शरीराचा भार दोन तुकड्यांना एकमेकांवर दाबतो, उभी असेल तर एकमेकांवरून घसरवतो. जर्मन शल्यविशारद पाउवेल्स यांनी १९३५ मध्ये या कोनाचे तीन प्रकार केले. ३० अंशांखालची रेघ बरी, ५० अंशांवरची वाईट, हे आम्ही आजही एक्स-रेवर मोजतो.

१९९४ मध्ये १०६ प्रकाशित अहवालांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. जागची हललेली मान स्क्रू वा तत्सम साधनांनी बसवलेल्या रुग्णांत हाड न जुळण्याचे प्रमाण त्यात ३३ टक्के होते. अलीकडे, २०१७ मध्ये, पन्नाशीच्या पुढच्या १,१०८ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत सरकता मोठा स्क्रू आणि अनेक लहान स्क्रू यांची तुलना झाली. न हललेली फ्रॅक्चरही त्यात बहुसंख्येने होती, तरी दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण अनुक्रमे २० आणि २२ टक्के निघाले. हे आकडे अशासाठी देतो की तुमच्या आईंच्या बाबतीत कोणाची चूक झाली, हा प्रश्न घरात सतत फिरत असणार. उत्तम बसवलेले स्क्रूही या जागी अपयशी ठरतात. पासष्ट-सत्तरीच्या पुढे हललेल्या मानेसाठी पहिल्याच वेळी बॉल बदलण्याकडे आज बहुतेक शल्यविशारदांचा कल आहे, तो याच कारणामुळे.

आता निदानाकडे वळतो, कारण माझ्या अनुभवात वेळ इथेच वाया जातो.

हाड जुळले नाही हे रुग्ण स्वतः आधी सांगतो, एक्स-रे मागाहून सांगतो. भार देताच जांघेत येणारी आणि आडवे झाल्यावर थांबणारी कळ, खुर्चीतून उठल्यावर पहिल्या चार पावलांना होणारा त्रास, पाय हळूहळू आखूड होणे, पाऊल बाहेर वळलेले राहणे आणि पाठीवर झोपून गुडघा न वाकवता पाय उचलता न येणे, ही लक्षणे एकत्र आली की पुरावा जवळजवळ पूर्ण होतो. खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते, हे अनेकांना माहीत नसते. महिनोन्‌महिने गुडघ्याला तेल चोळत आणि शेक देत राहिलेल्या, गुडघ्याचेच एक्स-रे घेऊन आलेल्या आजी मी दरवर्षी पाहतो. पायाची लांबी टेपने मोजावी आणि ती तारखेसह लिहून ठेवावी. तीन महिन्यांपूर्वी एक सेंटिमीटरचा फरक होता आणि आज अडीच आहे, एवढी नोंद कधी कधी महागड्या तपासणीहून अधिक सांगून जाते.

एक्स-रे एकटा वाचायचा नसतो. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासूनचे सर्व एक्स-रे क्रमाने मांडावेत, दोन्ही खुबे एकाच चित्रात यावेत आणि बाजूनेही चित्र घ्यावे. पाहायचे ते असे: स्क्रू मागे सरकून मांडीच्या बाहेरच्या बाजूला डोकावत आहेत का, डोके खाली कलले आहे का, स्क्रूंभोवती काळी कडा, म्हणजे सैलपणाची खूण, दिसते का, स्क्रूचे टोक डोक्यातून आरपार होऊन वाटीला घासते आहे का, आणि मोडीच्या कडा पांढऱ्या व गुळगुळीत झाल्या आहेत का. गुळगुळीत कडा म्हणजे शरीराने जुळवण्याचा प्रयत्न सोडून दिला आहे. डोके शेजारच्या हाडापेक्षा पांढरेशुभ्र दिसत असेल किंवा एका बाजूने खचले असेल, तर ते रक्ताअभावी मृत होत आहे. ही मृतावस्था फ्रॅक्चरनंतर दोन वर्षांपर्यंतही उघड होऊ शकते, आणि हाड जुळलेले असतानाही होऊ शकते. शंका उरली तर सीटी स्कॅन करावा. धातूमुळे येणारी चमक कमी करणारी सोय आता बहुतेक मोठ्या केंद्रांत आहे. एमआरआयने डोक्याचा जिवंतपणा चांगला कळतो, पण स्क्रू स्टीलचे असतील तर चित्र बिघडते. सत्तरीच्या पुढच्या रुग्णात डोके काढूनच टाकायचे असेल, तर त्याच्या जिवंतपणावर खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

किती महिन्यांनी ‘जुळले नाही’ म्हणायचे, यावर पुस्तकी व्याख्या नऊ महिन्यांची आहे. लांब हाडांसाठी ती ठीक आहे. मानेसाठी व्यवहारात आम्ही सहा महिने धरतो, आणि स्क्रू सुटले असतील, डोके कलले असेल किंवा स्क्रू वाटीत घुसला असेल, तर तिसऱ्या महिन्यातही निर्णय घेतो. घासणारा स्क्रू एकेक दिवस वाटीचा कूर्चा खरवडत असतो. तिथे कॅलेंडर पाहत बसणे चुकीचे आहे.

यानंतर येतो जंतुसंसर्ग, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. हाड न जुळण्यामागे मंद संसर्ग असतो तेव्हा ताप नसतो, पू नसतो, जखम स्वच्छ दिसते. माझ्या कामाच्या पहिल्या काही वर्षांत अशाच एका रुग्णाचे स्क्रू काढून मी त्याच बैठकीत नवा सांधा बसवला होता. टाक्यांची जागा उत्तम होती, म्हणून रक्ताची तपासणी मी जुजबी मानली. सहाव्या आठवड्यात जखम वाहू लागली, नंतर आणखी दोन शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्या आजोबांचे एक वर्ष रुग्णालयात गेले. तेव्हापासून एक नियम मी मोडलेला नाही: शस्त्रक्रिया झालेले आणि न जुळलेले प्रत्येक हाड, उलट सिद्ध होईपर्यंत, संसर्गित धरायचे.

तपासणी अवघड नाही. रक्तातील सीआरपी आणि ईएसआर, म्हणजे शरीरातील दाह व संसर्ग सुचवणारी मोजमापे, पाहावे. सीआरपी शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत खाली यायला हवे, त्यामुळे आठव्या महिन्यात ते वाढलेले असेल तर कारण शोधलेच पाहिजे. ते कारण लघवीचा संसर्ग किंवा पायाची जखमही असू शकते, हेही खरे. त्यानंतर चित्र पाहत सुईने सांध्यातील द्रव काढून पेशींची मोजणी आणि जंतूंचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करावे. याआधी किमान दोन आठवडे कोणतेही प्रतिजैविक घेतलेले नसावे, नाहीतर जंतू असूनही कल्चर कोरे येते. सर्दी-खोकल्यासाठी गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या पाच गोळ्यासुद्धा इथे घात करतात. शस्त्रक्रियेच्या वेळीही वेगवेगळ्या जागांहून पाच नमुने घेऊन ते दोन आठवड्यांपर्यंत वाढीसाठी ठेवण्यास प्रयोगशाळेला सांगावे. आपल्याकडे त्यातला एक क्षयरोगाच्या तपासणीसाठी आणि एक सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पाठवणे मी अनिवार्य मानतो. खुब्याचा क्षय महाराष्ट्रात दुर्मीळ नाही. शिवाय काही वेळा ‘घसरून’ मोडलेले हाड मुळात मायलोमाने (हाडाच्या मज्जेतील कर्करोगाने) किंवा स्तन, प्रोस्टेट, मूत्रपिंड अशा अवयवांतून पसरलेल्या कर्करोगाने पोखरलेले असते आणि ते पहिल्या वेळी कोणाच्या लक्षात आलेले नसते.

तिसरी बाजू शरीराच्या एकूण स्थितीची. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हाड न जुळण्याचे यांत्रिक कारण सापडत नव्हते अशा ३७ रुग्णांना अंतःस्रावशास्त्रज्ञांकडे पाठवण्यात आले; त्यांतील ३१ जणांत चयापचयाचा वा संप्रेरकांचा काही ना काही दोष निघाला, आणि सर्वांत जास्त आढळला तो ड जीवनसत्त्वाचा अभाव. आपल्याकडे उन्हाची टंचाई नाही, तरी घरात वावरणाऱ्या, पूर्ण अंग झाकणाऱ्या वृद्ध स्त्रियांत हा अभाव मला इतक्या सातत्याने दिसतो की आता त्याचे आश्चर्य वाटत नाही. म्हणून ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, पॅराथायरॉइड संप्रेरक, थायरॉइड, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, एवढ्या तपासण्या एकदाच करून घ्याव्यात. फॉस्फरस कमी आणि अल्कलाइन फॉस्फटेज बरेच वाढलेले असेल, तर तो साधा ठिसूळपणा नसून हाडे मऊ होण्याचा आजार असू शकतो, आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

औषधांची पिशवीही डॉक्टरांसमोर रिकामी करा. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी घेतलेले स्टेरॉइड, फिटसाठीचे फेनिटॉइन, वर्षानुवर्षे रोज सकाळी घेतलेली आम्लपित्ताची गोळी आणि दुखण्यासाठी सतत घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, या सर्वांचा हाडावर परिणाम होतो. मिश्रीबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण ‘तंबाखू खाता का’ असे विचारले की आजी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. मिश्री त्यांच्या लेखी दात घासण्याची वस्तू असते. तीही भाजलेली तंबाखूच आहे. हिरडीतून निकोटीन रक्तात जाते आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. शस्त्रक्रियेच्या किमान महिनाभर आधी ती बंद व्हावी, आणि त्यासाठी रागावण्यापेक्षा सुनेने वा नातीने रोज सकाळी शेजारी बसून दात घासणे अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

आता उपचार. न जुळलेल्या मानेसाठी जगात दोन मार्ग आहेत: डोके वाचवणे किंवा डोके बदलणे. डोके वाचवण्यासाठी मांडीच्या हाडातून पाचर काढून उभी मोड आडवी करता येते, पायाच्या बारीक हाडाचा तुकडा किंवा स्नायूला जोडलेले हाड तिथे बसवता येते. पंचेचाळिशीच्या शेतकऱ्यात मी हे आग्रहाने करतो, कारण कृत्रिम सांधा त्याला आयुष्यभर पुरेल याची खात्री नसते. परंतु या शस्त्रक्रियांनंतर दोन-तीन महिने पायावर भार देता येत नाही, आणि ७४ वर्षांच्या, मधुमेह असलेल्या स्त्रीकडून एका पायावर उडत चालण्याची अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही. त्यांच्यासाठी सांधा बदलण्याचा मार्गच रास्त आहे, कारण त्यात दुसऱ्या दिवशी पूर्ण भार देऊन उभे राहता येते.

सांधा बदलण्यातही दोन प्रकार आहेत. फक्त डोके बदलून मूळ वाटी तशीच ठेवायची, ज्याला लोक ‘बायपोलर बसवला’ म्हणतात, किंवा डोके व वाटी दोन्ही बदलायची. ताज्या फ्रॅक्चरमध्ये या दोहोंची तुलना करणाऱ्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे दीड हजार रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण ८.३ आणि ७.९ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच, निघाले. मात्र तुमच्या आईंचे फ्रॅक्चर ताजे नाही. आठ महिने कमी वापरामुळे वाटीचे हाड मऊ झालेले असते, कूर्चा पातळ झालेला असतो, कदाचित स्क्रूने ओरखडलेलाही असतो. त्यावर नुसता धातूचा गोळा फिरवला तर जांघेतील दुखणे राहते आणि गोळा हळूहळू आत रुतू शकतो. म्हणून ज्या व्यक्ती पडण्यापूर्वी घराबाहेर चालत होत्या, त्यांच्यात मी वाटीही बदलतो. ज्या आधीपासूनच घरातल्या घरात वावरत होत्या आणि ज्यांच्या हृदयाला लांबलेली शस्त्रक्रिया झेपणार नाही, त्यांच्यात कूर्चा प्रत्यक्ष पाहून बायपोलरवर थांबतो.

ही शस्त्रक्रिया पहिल्या वेळच्या सांधाबदलापेक्षा कठीण असते आणि हे तुम्हाला आधी सांगितले गेले पाहिजे. आखूड झालेल्या पायाचे स्नायू आकसलेले असतात. स्क्रू काढल्यावर मांडीच्या हाडात राहिलेली भोके ही पुन्हा मोडण्याची जागा ठरू शकते, म्हणून माझी सवय अशी की आधी सांधा निखळवून घ्यायचा आणि मगच स्क्रू काढायचे, आणि नव्या सांध्याचा मांडीच्या हाडात बसणारा दांडा भोकांच्या बराच खाली जाईल एवढा लांब निवडायचा. ठिसूळ हाडात सिमेंट वापरावे लागते. ते भरताना रक्तदाब अचानक घसरू शकतो, त्यामुळे भूलतज्ज्ञांना त्या क्षणी सावध करणे हा आमच्या कामाचा भाग आहे. सांधा निखळण्याचा आणि संसर्गाचा धोका ताज्या फ्रॅक्चरनंतरच्या सांधाबदलापेक्षा जास्त असतो. निखळणे टाळण्यासाठी दुहेरी हालचालीची वाटी, म्हणजे जिच्यात लहान गोळा मोठ्या गोळ्यात आणि तो वाटीत फिरतो अशी रचना, उपयोगी पडते. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात ही कल्पना पुढे आली, आणि अशा रुग्णांत मी तिला प्राधान्य देतो. तुमच्या शल्यविशारदांना विचारा की असे स्क्रू काढून सांधा बसवण्याच्या शस्त्रक्रिया ते वर्षाला किती करतात. हा प्रश्न अपमानास्पद नाही.

उंचवट्यांजवळचे फ्रॅक्चर असलेल्या वाचकांसाठी थोडक्यात लिहितो. तिथले हाड जाळीदार आणि रक्ताने भरलेले असते, त्यामुळे न जुळण्याचे प्रमाण शेकडा एक-दोन इतकेच असते. तिथे अपयश आले तर दोष बहुधा बसवणीत असतो: हाड कललेल्या स्थितीत बसवले गेले, किंवा मोठा स्क्रू डोक्याच्या मध्यभागी खोलवर न जाता वर राहिला. समोरून व बाजूने घेतलेल्या एक्स-रेवर स्क्रूच्या टोकापासून डोक्याच्या शिखरापर्यंतच्या अंतरांची बेरीज २५ मिलिमीटरच्या आत असावी, हा निकष १९९५ पासून आम्ही वापरतो. डोके शाबूत आणि वाटी चांगली असेल तर नवी पट्टी, योग्य कोन आणि ओटीपोटाच्या हाडातील स्वतःचे हाड घालून ते जुळवता येते. स्क्रूने डोके फाडले असेल तर वृद्धांत लांब दांड्याचा सांधा बसवावा लागतो. त्याखाली, मांडीच्या वरच्या दंडगोल भागात आडवे मोडलेले हाड न जुळत असेल आणि रुग्ण ठिसूळपणासाठी कित्येक वर्षे अ‍ॅलेन्ड्रोनेटसारखी औषधे घेत असेल, तर ते औषध थांबवावे आणि दुसऱ्या मांडीचा एक्स-रे त्याच दिवशी घ्यावा. तिथेही चीर पडू लागलेली असू शकते.

संसर्ग सिद्ध झाला तर क्रम बदलतो. पहिल्या टप्प्यात स्क्रू, मृत हाड आणि डोके काढून प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता गोळा बसवतात, साधारण सहा आठवडे जंतूनुसार प्रतिजैविके देतात, आणि रक्ताच्या तपासण्या खाली आल्यावर दुसऱ्या टप्प्यात कायमचा सांधा बसवतात. हे ऐकून नातेवाईक हबकतात. पण संसर्गावर घाईने बसवलेला सांधा पुन्हा काढणे याहून कितीतरी क्लेशकारक असते.

काही रुग्णांत मोठी शस्त्रक्रिया करू नये, हेही स्पष्टपणे लिहिले पाहिजे. पडण्यापूर्वीही जे चालत नव्हते, ज्यांना स्मृतिभ्रंशामुळे कोणतीही सूचना लक्षात राहत नाही, ज्यांचे हृदय वा फुप्फुसे अगदी थकली आहेत आणि ज्यांना पडून असताना फारसे दुखत नाही, त्यांना वेदनाशामन, चांगली गादी, कूस बदलणे आणि खुर्चीत बसवणे हाच उपचार योग्य असतो. दुखणे असह्य असेल तर डोके काढून टाकण्याची लहान शस्त्रक्रिया करता येते. पाय आखूड राहतो, चालणे मर्यादित होते, पण स्वच्छता राखणे आणि झोप लागणे शक्य होते. वजन लटकवून महिनोन्‌महिने पाय ताणून ठेवणे मात्र कोणत्याही रुग्णात करू नये. पलंगाला बांधलेल्या विटांनी या वयात हाड जुळत नाही, पाठीला जखमा होतात.

आणि ती रोजची इंजेक्शने. टेरिपॅरॅटाइड हे औषध ठिसूळपणासाठी उत्तम आहे. रोज २० मायक्रोग्रॅम, त्वचेखाली. न जुळलेल्या हाडासाठी त्याचा वापर मान्यताप्राप्त उपयोगाबाहेरचा आहे, आणि मानेच्या बाबतीत त्याचा पुरावा अपुरा आहे. स्क्रू घट्ट, डोके जागेवर, मोडीत फट नाही आणि जुळणी संथ आहे, अशा रुग्णात मी ते वापरतो. पाय आखूड होत चालला आहे याचा अर्थ तुकडे हलत आहेत, आणि हलणाऱ्या तुकड्यांना कोणतेही इंजेक्शन स्थिर करू शकत नाही. शिवाय कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्यांना किंवा हाडात कर्करोग असलेल्यांना ते देता येत नाही. म्हणून कारण न शोधता ते सुरू करणे मला धोक्याचे वाटते.

शस्त्रक्रियेपूर्वीचा महिना वाया घालवू नका. साखर आटोक्यात आणा. ड जीवनसत्त्व कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्याला ६०,००० युनिटची मात्रा सुरू करा. मूत्रपिंडे चांगली असतील तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. दूध, अंडी, दाट वरण, उसळ, पनीर, मासे, घरात जे चालते त्यातून ती द्या. पेज आणि चहा-बिस्किटांवर जखम भरत नाही. दाताचे आणि लघवीचे संसर्ग आधी निस्तरा. खर्चाची चिंता असेल तर ७० वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, २०२४ पासून आयुष्मान योजनेचे वेगळे कार्ड मिळते, आणि महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. निवडलेले रुग्णालय यादीत आहे का आणि नेमकी ही शस्त्रक्रिया पॅकेजमध्ये बसते का, हे दाखल होण्यापूर्वी तिथल्या आरोग्यमित्रांकडून लेखी घ्या.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी वॉकरसह उभे करणे, सुमारे पाच आठवड्यांपर्यंत रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध, रात्री भ्रम झाल्यास घाबरून झोपेची गोळी न देता चष्मा, श्रवणयंत्र आणि ओळखीचा माणूस जवळ ठेवणे, आणि सहा आठवडे खाली न बसणे व मांडी न घालणे, एवढे पाळावे लागते. भारतीय पद्धतीच्या संडासावर उंच खुर्ची ठेवावी. उजवा खुबा मात्र कोणी विसरू नये. एक खुबा मोडलेल्या व्यक्तीचा दुसराही त्याच ठिसूळ हाडाचा असतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खुब्याच्या फ्रॅक्चरच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षातून एकदा झोलेड्रोनिक आम्लाचे ५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिल्याने नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. ड जीवनसत्त्व भरून काढल्यावर आणि मूत्रपिंडांची तपासणी करून ते द्यायचे असते. आठ महिन्यांत ते दिले गेले का, हे डिस्चार्जच्या कागदावर पाहा.

तेव्हा आता एवढे करा. पहिल्या दिवसापासूनचे सर्व एक्स-रे आणि शस्त्रक्रियेची नोंद, इम्प्लांटच्या स्टिकरसह, जुन्या रुग्णालयातून मागून घ्या. स्क्रू कोणत्या कंपनीचे आहेत हे कळले नाही तर ते काढण्याचे पाने ऐन वेळी जुळत नाहीत. सीआरपी, ईएसआर आणि वर लिहिलेल्या रक्ताच्या तपासण्या या आठवड्यात करा. तोवर आईंनी वॉकर सोडू नये आणि कोणतेही प्रतिजैविक घेऊ नये. सांध्यातील द्रवाचे कल्चर स्वच्छ आले आणि साखर आटोक्यात असली, तर तीन महिने न थांबता मिश्री सुटण्यापुरताच वेळ द्या आणि शस्त्रक्रियेची तारीख घ्या.